लेसर डायोडच्या वीजपुरवठ्याची पार्श्वभूमी

1962 साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हॉल यांच्या गटाने गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाचा लेसर डायोड, म्हणजे प्रवाह दिला की लेसर प्रकाश देणारा छोटा घटक, प्रथम चालवला, तेव्हा तो द्रवरूप नायट्रोजनने उणे 196 अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवूनही त्याला दर चौरस सेंटिमीटरमागे हजारो अँपिअर प्रवाह लागत असे. एवढा प्रवाह सलग दिला असता तर डायोड जळालाच असता, म्हणून तो अगदी अल्पकाळाच्या झटक्यांनीच दिला जाई. पुढे अशा झटक्यांसाठी जी सर्किटे रूढ झाली, त्यांत जास्त व्होल्टेजवर भरलेला कॅपॅसिटर (वीज साठवणारा घटक) थायरिस्टर या अर्धवाहक स्विचमार्फत डायोडमध्ये रिकामा केला जात असे.

1970 मध्ये लेनिनग्राडला झोरेस अल्फेरॉव्ह यांच्या गटाने आणि बेल प्रयोगशाळेत हायाशी व पॅनिश यांनी वेगवेगळ्या अर्धवाहकांचे थर जोडून केलेला डायोड खोलीच्या तापमानाला सलग चालवून दाखवला आणि वीजपुरवठ्याचे काम पालटले. डायोड तापला की त्याच्यावरील व्होल्टेज उतरते. त्यामुळे पुरवठ्याने व्होल्टेज कायम ठेवले तर प्रवाह वाढतो, प्रवाहाने उष्णता वाढते आणि हे चक्र आवरत नाही. शिवाय मर्यादेपलीकडचा प्रवाह मायक्रोसेकंदाहून कमी वेळ वाहिला, तरी प्रकाश बाहेर पडण्याची कड वितळू शकते. म्हणून येथे नियमन व्होल्टेजचे नव्हे, तर प्रवाहाचे करावे लागते.

एनडी-याग या स्फटिकाच्या लेसरला ऊर्जा पुरवण्यासाठी फ्लॅशदिव्यांऐवजी 808 नॅनोमीटर तरंगलांबीचे डायोड-बार, म्हणजे एकाच पट्टीवर ओळीने असलेले अनेक लेसर डायोड, वापरात येऊ लागले, तेव्हा प्रश्न आणखी अवघड झाला. सुमारे एक सेंटिमीटर रुंदीच्या बारला जेमतेम 2 व्होल्टवर दहादहा अँपिअरच्या पटीत प्रवाह लागतो. 60 अँपिअर देणाऱ्या रेषीय पुरवठ्यातील, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेत घालवून नियमन करणाऱ्या पुरवठ्यातील, मॉसफेट या ट्रान्झिस्टरवर 2 व्होल्ट जरी पडले, तरी 120 वॅट नुसते उष्णतेत जातात. त्यामुळे मोठ्या शक्तीसाठी ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून नियमन करणारी स्विचिंग पद्धत आली. मात्र नेहमीच्या स्विचिंग पुरवठ्याच्या बाहेरच्या टोकाशी असलेला मोठा कॅपॅसिटर येथे घातकच ठरतो. जोडणी क्षणभर सुटली की प्रवाह थांबलेला पाहून नियंत्रक व्होल्टेज वाढवत नेतो, कॅपॅसिटर भरतो आणि जोडणी पुन्हा लागताच ती सगळी साठवण डायोडमध्ये ओतली जाते. बाजारातला स्वस्त पुरवठा थेट महागड्या बारला जोडणारे अजूनही येथेच फसतात. यावर तोडगा म्हणून प्रवाहातील बदलाला विरोध करणारे मोठे इंडक्टर, अगदी लहान कॅपॅसिटर आणि प्रवाहातील तरंग (चढउतार) एकमेकांना मारतील अशा क्रमाने चालणारे अनेक टप्पे अशी रचना रूढ झाली. प्रवाह सावकाश चढवणे आणि पुरवठा बंद असताना डायोडची टोके रिलेने जोडून ठेवणे हेही तिच्यात आले.

तारांचा हिशेब तर बरेचदा राहूनच जातो. 100 नॅनोहेन्री इंडक्टन्सच्या जोडतारांतून एका मायक्रोसेकंदात 100 अँपिअर चढवायचे, तर त्या तारांनाच 10 व्होल्ट लागतात, म्हणजे बारच्या गरजेच्या पाचपट. म्हणूनच वेगवान झटके देणाऱ्या यंत्रांत गोल तारांच्या जागी एकमेकींवर चिकटवलेल्या कमी इंडक्टन्सच्या चपट्या पट्ट्या आल्या आणि ड्रायव्हर, म्हणजे डायोडला प्रवाह देणारे सर्किट, पेटीतून निघून डायोडच्या शेजारी बसवला जाऊ लागला.