चौकटीची पट्टी (कोकणातील घरे)

दाराची किंवा खिडकीची चौकट आणि भिंतीचा गिलावा यांच्या सांध्यावर घराच्या आतून लावलेली शोभेची पट्टी. सुतार तिला कव्हर पट्टी, मोल्डिंग किंवा आर्किट्रेव्ह म्हणतात. ती सहसा ५० ते ७५ मिलिमीटर रुंद आणि १२ ते २० मिलिमीटर जाड असते. लाकूड आणि गिलावा ऋतूनुसार वेगवेगळे हलतात, त्यामुळे सांध्यावर चीर पडतेच. ती झाकणे हे पट्टीचे मूळ काम. कोकणात हलण्याचे हे प्रमाण मोठे आहे, म्हणून पट्टीची निवड नक्षीवरून न करता पावसावरून करावी लागते.

जुन्या कोकणी घरांत वेगळी पट्टी फारशी दिसत नाही. ओटीवरून माजघरात जाणाऱ्या दाराची चौकटच जाड आणि रुंद असे, वर कोरीव गणेशपट्टी, खाली उंच उंबरठा, आणि मातीचा किंवा चुन्याचा गिलावा थेट लाकडाला येऊन भिडे. शोभा चौकटीतच होती. पुढे चौकटी बारीक झाल्या, सिमेंटचा गिलावा आला आणि झाकायची रेघ उघडी पडली. जांभ्याच्या भिंतीत ती अधिक वाकडी असते, कारण चिऱ्याच्या कडा खडबडीत असतात आणि गिलाव्याची जाडी जागोजाग बदलते. कोरीव लाकूडकाम आणि रंगीत काचा असलेल्या मोठ्या खिडक्या पाहायच्या असतील तर रत्नागिरीचा थिबा राजवाडा (१९१०) पाहावा. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी तो बांधला गेला.

लाकडात सागवान पहिले, कारण ते कमी फुगते आणि वाळवीला दाद देत नाही. फणसाचे पिवळे लाकूड पॉलिश केल्यावर काळानुसार तांबूस होते. जुना फणस मिळाला तर तो सोडू नये. शिवणीचे लाकूड हलके, कोरायला सोपे आणि आकाराला स्थिर. आंबा स्वस्त पण लवकर किडतो, त्यामुळे तो रंगवून आणि औषध मारूनच वापरावा. पाडलेल्या घरांच्या वाशांतून चिरलेल्या पट्ट्या सर्वांत भरवशाच्या, कारण त्या लाकडाने कित्येक पावसाळे पाहिलेले असतात; फक्त रंधा मारण्याआधी आतले जुने खिळे काढून घ्यावेत. साध्या एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) पट्टी किनाऱ्याजवळ घेऊ नये. ओल लागली की तिची कड फुगते आणि पुन्हा बसत नाही.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते. ओलाव्याचे प्रमाण ४ टक्क्यांनी बदलले तर ७५ मिलिमीटर रुंदीची सागवानी पट्टी सुमारे अर्धा मिलिमीटर कमी-जास्त होते. कोपऱ्यात ४५ अंशांत कापून जोडलेल्या पट्ट्यांना हा अर्धा मिलिमीटर सोसत नाही: लाकूड सुकले की सांधा आतल्या कोपऱ्याकडून उघडतो, फुगले की बाहेरच्या टोकाकडून. गणपतीआधी घर सजवण्याच्या घाईत श्रावणात, फुगलेल्या लाकडात केलेला तिरपा सांधा बसवताना केसभरही दिसत नाही. फाल्गुनापर्यंत त्यात काळी रेघ उभी राहते. म्हणून कोकणात सरळ सांधा चांगला. दोन उभ्या पट्ट्या चौकोनी कापायच्या, आडवी पट्टी त्यांच्या माथ्यावर बसवायची, ती थोडी जाड घ्यायची आणि दोन्ही बाजूंना ५ ते १० मिलिमीटर बाहेर काढायची. उभ्या पट्ट्या हलल्या तरी त्या पुढे आलेल्या कडेखाली झाकल्या जातात. नक्षीदार पट्टीच हवी असेल तर कोपऱ्यात चौकोनी ठोकळा बसवावा, म्हणजे तिरपा काप टळतो. तिरपा सांधाच करायचा असेल तर नीट सुकवलेले लाकूड घेऊन दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत करावा.

बसवण्यापूर्वी चौकट उभी सरळ आहे का ते ओळंब्याने आणि कोपरे काटकोनात आहेत का ते गुण्याने तपासतात. गिलावा चौकटीच्या पुढे आला असेल तर तो पटाशीने छिलायचा, मागे असेल तर खाली बारीक पट्टी घालायची. पट्टीच्या पाठीला उथळ खाच असेल तर ती उंचसखल भिंतीवरही दोन्ही कडांनी टेकते. पॉलिश किंवा प्रायमर पाठीलाही हवा; एकाच बाजूला लावला तर ओल एकीकडूनच शिरते आणि पट्टी वाकते. चौकटीची आतली कड ५-६ मिलिमीटर मोकळी सोडतात, त्याने बिजागरीला जागा मिळते आणि चौकटीचा किंचित वाकडेपणाही नजरेत येत नाही. खिळे ३० ते ४० सेंटिमीटरवर, आधी बारीक भोक पाडून. लोखंडी खिळा खाऱ्या हवेत गंजतो आणि सागावर काळा डाग सोडतो. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचाच वापरावा. जांभ्यात ड्रिलचे भोक मोठे होते आणि खिळ्यासाठी भोकात बसवलेली गिट्टी सैल पडते, त्यामुळे पट्टीची खरी पकड चौकटीतच ठेवावी.

दसऱ्याचे तोरण आणि नव्याच्या पौर्णिमेला दारावर बांधायच्या भाताच्या लोंब्या यांसाठी पितळी आकडे आधीच चौकटीत बसवून घ्यावेत. दरवर्षी पट्टीत नवा खिळा ठोकला की ती उभी चिरते.

उभ्या पट्टीचे खालचे टोक लादीपासून ३-४ मिलिमीटर वर असावे. ते टेकले तर पुसण्याचे पाणी लाकूड वर ओढून घेते. शिवाय वाळवी जमिनीतून चढते, आणि तिचे मातीचे बोगदे पट्टीमागे लपतात. खालची फट मोकळी असली तर पावसाळ्यानंतर विजेरी घेऊन ती तपासता येते. हे तपासणे चुकवू नये.

खिडकीत पट्टी तीनच बाजूंना लावावी. झडीचा पाऊस गजांतून आत येतो आणि खालची लाकडी पट्टी काही वर्षांत कुजते. तिथे बाहेरच्या बाजूला उतार दिलेला कडाप्पा किंवा ग्रॅनाइट घालून उभ्या पट्ट्या त्याच्या किंचित वर थांबवतात. न्हाणीघरात पीव्हीसीची पट्टी चालते, पण ती उष्णतेने लांबीत वाढते: २ मीटरच्या पट्टीत २० अंशांच्या फरकाला दोन मिलिमीटरहून अधिक. पश्चिमेच्या उन्हातल्या खिडकीला ती लावली तर टोकांशी तेवढी जागा सोडावी लागते.