कोर्स बनवणारं सॉफ्टवेअर वेगळं, चालवणारं वेगळं

एचआरकडून येणारी मागणी बहुतेक वेळा एवढीच असते: "ट्रेनिंगसाठी एखादं चांगलं सॉफ्टवेअर सुचवा. व्हिडिओ हवेत, क्विझ हवी, नुसतं वाचायला नको, आणि कोणी पूर्ण केलं ते कळलं पाहिजे." या मागणीत दोन निरनिराळ्या खरेद्या दडलेल्या आहेत. 'कोणी पूर्ण केलं' हे एलएमएसचं (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे कोर्स चालवून नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) काम, त्याच्या आधीचं सगळं ऑथरिंग टूलचं. दोन्हींचे विक्रेते माहितीपत्रकावर 'इंटरॅक्टिव्ह ई-लर्निंग' असंच छापतात, मग घोळ होणारच.

ऑथरिंग टूलमध्ये कोर्स घडतो. आर्टिक्युलेट स्टोरीलाइन, त्याच पॅकेजमधलं राइज आणि ॲडोबी कॅप्टिव्हेट ही यातली नेहमीची नावं. स्टोरीलाइन उघडलं की पॉवरपॉइंटसारख्या स्लाइड्स दिसतात, पण सोबत टाइमलाइन असते आणि ट्रिगर असतात: या बटणावर क्लिक झालं की ही लेयर (स्लाइडवरचा लपवून ठेवलेला थर) दाखव, चुकीचा पर्याय निवडला तर त्या स्लाइडवर ने. फोर्कलिफ्टवर माल उंच उचलून वळण घेतलं तर काय होतं, हे कामगाराला स्वतः निवड करून बघू द्यायचं असेल तर ते इथे बनतं. राइज ब्राउझरमध्ये चालतं. तयार ब्लॉक एकाखाली एक रचत जायचे. मोबाइलवर कोर्स आपोआप नीट बसतो, मात्र मनासारखी गुंतागुंत करता येत नाही. स्टोरीलाइनची डेस्कटॉप आवृत्ती विंडोजसाठी आहे, त्यामुळे डिझायनरकडे मॅक असेल तर पैसे भरायच्या आधीच विचारा.

एलएमएस म्हणजे कारखान्याच्या भाषेत मस्टर. कोणाला कोणता कोर्स दिला, मुदत कधीची, किती गुण मिळाले, प्रमाणपत्र निघालं का, हे सगळं तिथे राहतं. ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलेल्या मूडल या एलएमएसची पहिली आवृत्ती २००२ साली आली आणि ते ओपन सोर्स आहे. लायसन्सला पैसे लागत नाहीत. सर्व्हरला आणि तो सांभाळणाऱ्या माणसाला लागतात, हे बजेट मांडताना हमखास विसरलं जातं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कलम १९ नुसार ठराविक काळाने जागृतीचे कार्यक्रम घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. ते घेतल्याचं दाखवायची वेळ आली तर अहवाल एलएमएसमधूनच काढावा लागतो. कोर्समधलं ॲनिमेशन कितीही देखणं असलं तरी तिथे त्याचा उपयोग नाही.

आता गोंधळात भर घालणारी गोष्ट म्हणजे दोघांच्या हद्दी एकमेकांत घुसतात. मूडलमध्ये क्विझ असतेच, शिवाय हल्ली एचफाइव्हपी हे इंटरॅक्टिव्ह मजकूर बनवायचं साधन आतच मिळतं. त्यात व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारता येतो. ज्या कंपनीत पूर्णवेळ डिझायनर नाही आणि जिला इंडक्शन आणि अग्निसुरक्षेचे दोन-चार कोर्स एवढंच हवंय, तिने महागडं ऑथरिंग टूल घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. उलट बाजूने काही एलएमएसमध्ये कोर्स बनवायची सोय आतच असते. सोय छान, पण तिथे बनवलेला कोर्स बाहेर काढता येतो का ते आधी विचारा. येत नसेल तर एलएमएस बदलताना सगळं पुन्हा बनवावं लागेल.

दोघांमधला पूल म्हणजे स्कॉर्म, म्हणजे कोर्स आणि एलएमएसनं एकमेकांशी कसं बोलायचं याचे ठरलेले नियम. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून हे मानक आलं. १.२ ही आवृत्ती २००१ ची, तरी आजही ती सर्रास चालते. ऑथरिंग टूलमधून 'पब्लिश' केलं की एक झिप फाइल मिळते: त्यात एचटीएमएल पानं, चित्रं, आवाज, आणि कोर्समध्ये काय काय आहे ते सांगणारी मॅनिफेस्ट फाइल. कोर्स चालू असताना तो एलएमएसला कळवत राहतो: सुरू झाला, ८० गुण, अमुक स्लाइडवर सोडला.

घोडं पेंड खातं ते इथेच. कामगाराने कोर्स कुठे सोडला हे साठवायला स्कॉर्म १.२ मध्ये फक्त ४,०९६ अक्षरांची जागा आहे. शंभरेक स्लाइड्स, त्यात ढीगभर लेयर आणि व्हेरिएबल असतील तर ती भरते. मग माणूस जेवणाच्या सुट्टीनंतर परत येतो आणि कोर्स त्याला आधीच पार केलेल्या एखाद्या जागी नाहीतर पहिल्या स्लाइडवर नेऊन बसवतो. टूलवाले एलएमएसकडे बोट दाखवतात, एलएमएसवाले टूलकडे. उपाय साधा आहे: कोर्सचे तुकडे करा, किंवा एलएमएस घेत असेल तर स्कॉर्म २००४ च्या तिसऱ्या किंवा चौथ्या आवृत्तीत पब्लिश करा, तिथे ६४,००० अक्षरं मावतात.

दुसरी गंमत निकालाची. १.२ मध्ये 'पूर्ण केला' आणि 'पास झाला' यांना मिळून एकच रकाना आहे. त्यात काय लिहायचं हे स्टोरीलाइन पब्लिश करतानाच विचारतं आणि जोड्या देतं: पास-अपूर्ण, पास-नापास, पूर्ण-अपूर्ण, पूर्ण-नापास. घाईत पास-अपूर्ण निवडलं तर परीक्षेत नापास झालेला माणूस अहवालात 'अपूर्ण' दिसतो. एचआरला वाटतं त्याने कोर्स संपवलाच नाही, आणि त्याला आठवणीच्या मेलवर मेल जात राहतात.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा धरावा. कोर्स कसा दिसेल हे नंतर. आधी नोंद कुठे राहणार आणि अहवालात कोणते रकाने हवेत ते ठरवा. मग टूलच्या ट्रायल आवृत्तीत एक क्विझ धरून तीन-चार स्लाइड्स बनवा, त्याच एलएमएसवर चढवा, शॉप फ्लोअरवर असतो तसल्या स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर उघडा, अर्ध्यात बंद करा, पुन्हा उघडा आणि एकदा मुद्दाम नापास व्हा. मजकूर मराठी असेल तर पब्लिश झाल्यावर जोडाक्षरं नीट दिसतात का, तेही फोनवरच बघा. विक्रेत्याच्या लॅपटॉपवरच्या डेमोत यातलं काहीच दिसत नाही.

कोर्स बाहेरच्या एजन्सीकडून करून घेणार असाल तर पर्चेस ऑर्डरमध्ये झिपसोबत मूळ प्रोजेक्ट फाइलही मागा. झिप चालवता येते, पण तिच्यात नीट दुरुस्ती करता येत नाही. उद्या फायर एक्झिट बदलला तर त्या एका स्लाइडसाठी पुन्हा त्यांच्याच दारात जावं लागेल.