न विचारता रिन्यू झालेला विमा : पैसे परत मागण्याचा अर्ज कुठे, कसा आणि कोणत्या कागदांसह

खात्यातून विम्याचा हप्ता परस्पर कापला गेला, की आपण आधी बँक गाठतो. काउंटरवरचं उत्तर ठरलेलं असतं : "अंकल, ये तो सिस्टम से हुआ है, कंपनी से बात कीजिए." कंपनीला फोन लावावा, तर ते म्हणतात पैसे तुमच्या बँकेनेच पाठवले. दोघंही अर्धं खरं बोलत असतात. पॉलिसी पुढच्या वर्षासाठी चालू झाली, हे विमा कंपनीचं काम. पूर्वी कधीतरी दिलेल्या मँडेटवर, म्हणजे खात्यातून पैसे कापण्याच्या कायम परवानगीवर, पैसे गेले, हा बँकेचा भाग. म्हणून अर्जही दोन लागतात. नुसतं मँडेट रद्द केलं तर गेलेले पैसे परत येत नाहीत, आणि नुसती पॉलिसी रद्द केली तर मँडेट तसंच जिवंत राहतं.

आधी एंट्री नीट वाचा

पासबुक छापून घ्या आणि त्या ओळीवर बोट ठेवा. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये गेले असतील तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, आणि २० रुपये गेले असतील तर सुरक्षा विमा योजना. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. सामील होतानाच्या फॉर्मवर दर वर्षी रक्कम कापण्याची संमती असते, त्यामुळे बँक पुन्हा विचारत नाही. बाहेर पडायचं असेल तर शाखेत लेखी अर्ज द्या, आणि तो मेच्या शेवटच्या आठवड्याआधी द्या. ज्यांची दोन बँकांत खाती आहेत त्यांनी दोन्ही पासबुकं पाहावीत. जीवनज्योतीचं संरक्षण दोन हप्ते भरूनही २ लाखांचंच राहतं आणि जास्तीचा हप्ता जप्त होऊ शकतो, असं योजनेच्या नियमातच आहे. तेव्हा दुसरीकडचं ऑटो-डेबिट आजच बंद केलेलं बरं.

रक्कम मोठी असेल तर ओळीत एनएसीएच किंवा एसीएच (बँकांमधली आपोआप वसुलीची यंत्रणा) अशी अक्षरं आणि कंपनीचं तोडकं नाव दिसेल. हे मँडेट बँकेच्या कागदी किंवा ऑनलाइन फॉर्मवर दिलेलं असतं. जुन्या कागदी फॉर्मवर दोन जागा बघण्यासारख्या आहेत : 'कमाल रक्कम', आणि मुदतीच्या रकान्यातली 'रद्द करेपर्यंत' ही खूण. हप्ता ११ हजारांचा आणि कमाल रक्कम ५० हजार, असे फॉर्म सर्रास भरून घेतात. मग हप्ता वाढला तरी पैसे बिनबोभाट जातात. सही करताना या रकान्यांकडे कोणी बघत नाही, आणि भरून घेणाऱ्यालाही ते दाखवायची फारशी हौस नसते.

तिसरा प्रकार कार्ड किंवा यूपीआयवरच्या ऑटोपेचा. इथे रिझर्व्ह बँकेचा नियम तुमच्या बाजूचा आहे : पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवायचं, त्यात कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख द्यायची, आणि नको असल्यास थांबवण्याची सोय ठेवायची. विम्याच्या हप्त्याला १ लाख रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, ही सवलत डिसेंबर २०२३ पासून आहे. "ओटीपी आलाच नाही, मग पैसे गेले कसे?" याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. तो आगाऊ मेसेज आला होता का, हे मोबाइलमध्ये आणि ई-मेलच्या स्पॅममध्येही शोधा. नसेल तर तक्रारीतला तोच पहिला मुद्दा.

जीवन विम्याच्या जुन्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता गेला असेल, तर ते रिन्यूअल नव्हे. तो लांब मुदतीच्या कराराचा हप्ता आहे; तो बंद करणं म्हणजे पॉलिसी लॅप्स किंवा सरेंडर, आणि त्याचं गणित वेगळं. ही माहिती त्यासाठी नाही.

रद्द करण्याआधी

आरोग्य विमा असेल तर रागाच्या भरात अर्ज टाकू नका. जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्यात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो, जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असतो. तो तुम्ही भरत आणला असेल आणि पॉलिसी मोडली, तर नव्या कंपनीत तो पहिल्यापासून सुरू. साठीच्या पुढच्या माणसाला तर नवी पॉलिसी मिळतानाच दमछाक होते. कंपनीच नको असेल तर पोर्ट करण्याचा, म्हणजे भरलेला प्रतीक्षा काळ न गमावता दुसऱ्या कंपनीत जाण्याचा, रस्ता आहे. त्याचा अर्ज रिन्यूअलच्या तारखेआधी करायचा असतो, म्हणजे या वर्षी पॉलिसी ठेवून पुढच्या वर्षीची तयारी. गाडीच्या विम्यातही सावध राहा. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. दुसरीकडून घेतलेल्या चालू पॉलिसीची प्रत जोडल्याशिवाय कंपनी जुनी रद्द करणार नाही, आणि करूही नये.

अर्ज कोण करू शकतं

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत नेहमीचा घोटाळा असा : मुलगा पुण्याला नोकरीत, त्याने आई-बाबांची पॉलिसी ऑनलाइन काढली, प्रस्तावक तो आणि पैसे मात्र इंदूरच्या घरच्या खात्यातून. मग बाबा कंपनीला अर्ज करतात आणि 'आपण पॉलिसीधारक नाही' असं उत्तर येतं. कंपनीकडचा अर्ज ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याच्या सहीचा हवा, बँकेकडचा खातेदाराच्या सहीचा. कर्जाबरोबर गळ्यात मारलेली गटविम्याची पॉलिसी असेल तर मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर असते. तुमच्याकडे विम्याचं प्रमाणपत्र असतं आणि अर्जावर त्याचा क्रमांक घालायचा असतो.

कंपनीला काय लिहायचं

भारतीय विमा नियामक म्हणजे आयआरडीएआयने २०२४ मध्ये काढलेल्या मुख्य परिपत्रकांनुसार, वैयक्तिक ग्राहक सर्वसाधारण विम्याची पॉलिसी केव्हाही, कारण न देता रद्द करू शकतो. आरोग्य विम्यात ७ दिवसांची लेखी सूचना द्यायची. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या काळात क्लेम घेतलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांचा हप्ता प्रमाणात परत मिळतो. क्लेम घेतला असेल तर हा रस्ता बंद.

'प्रमाणात' या शब्दामुळे तारखेला महत्त्व येतं. हप्ता १४,६०० रुपये धरा. म्हणजे दिवसाला ४० रुपये. "मी संमती दिली नव्हती, सगळे पैसे द्या" यावर महिनाभर फोन करत बसलात आणि मग रद्द करा म्हणालात, तर १,२०० रुपये फोनवरच खर्च झाले. म्हणून एकाच अर्जात दोन मागण्या लिहाव्यात, हा माझा आग्रह. पहिली : या रिन्यूअलला माझी संमती नव्हती, पूर्ण हप्ता परत करा. दुसरी, पर्यायी : ते मान्य नसेल तर पॉलिसी अर्जाच्या तारखेपासून रद्द धरून उरलेल्या काळाचा हप्ता द्या, आणि माझा पहिल्या मागणीचा हक्क कायम राहील. दुसरी मागणी लिहिलीत की विम्याचं संरक्षण थांबणार, हे मात्र लक्षात ठेवून लिहा.

त्यालाच जोडून पुरावा मागा : "माझी संमती कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने घेतली? सही केलेला फॉर्म, कॉलचं रेकॉर्डिंग किंवा ओटीपीची नोंद यांपैकी जे असेल त्याची प्रत द्यावी. रिन्यूअलची सूचना मला कधी आणि कोणत्या क्रमांकावर पाठवली, तेही कळवावे." या चार ओळींनी अर्जाचा सूर बदलतो. 'ग्राहकाने हो म्हटलं होतं' हे मोघम वाक्य मग चालत नाही.

फ्री-लूकचे, म्हणजे पॉलिसी न पटल्यास परत करण्याचे, ३० दिवस रिन्यूअलला लागू नसतात, ते नव्या जीवन आणि आरोग्य पॉलिसींसाठी आहेत. तरीही पॉलिसी क्रमांक ताडून पाहा. रिन्यूअल म्हणून सांगून प्रत्यक्षात नव्या क्रमांकाची, वेगळ्या योजनेची पॉलिसी चिकटवलेली असेल, तर तुम्ही फ्री-लूकमध्ये बसू शकता. मग हप्त्यातून मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि संरक्षणाच्या दिवसांचा हिस्सा एवढीच वजावट.

अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, म्हणजे जीआरओला, ई-मेलने पाठवा आणि शाखेतही द्या. इंदूरमध्ये हिंदीत लिहिलेला बरा. मराठी अर्ज पुढे सरकतच नाही. शाखेत दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. 'मेल पाठवून द्या, शिक्क्याची काय गरज' असं म्हणतील. हसून उभं राहायचं, शिक्का मिळतो.

बरोबर पॉलिसीची नवी आणि आधीच्या वर्षाची प्रत, एंट्री दिसणारं पासबुकाचं पान, ओळखपत्र, रद्द केलेला चेक आणि आलेले मेसेज यांचे स्क्रीनशॉट. पासबुकाच्या पानावरच्या इतर व्यवहारांवर कागद ठेवून झेरॉक्स काढा. कंपनीला तुमची पेन्शन कळण्याची गरज नाही.

मँडेट बंद करणं

यूपीआय असेल तर ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन दोन मिनिटांत होतं. कार्डाचं बँकेच्या साइटवरून किंवा ॲपमधून. एनएसीएचसाठी मात्र सहसा बँकेत लेखी द्यावं लागतं : खाते क्रमांक, कंपनीचं नाव आणि मँडेटचा यूएमआरएन क्रमांक. हा क्रमांक नेट बँकिंगमध्ये दिसतो; न दिसल्यास शाखेला काढून द्यायला सांगा. खात्यात शिल्लकच ठेवायची नाही, म्हणजे कापणार काय, असा उपाय काही जण सांगतात. तो करू नका. मँडेट परत गेलं की बँक दंड लावते, वर जीएसटी.

आणि जे मँडेट तुम्ही कधी दिलंच नव्हतं, त्याची बाब वेगळी. तो अनधिकृत व्यवहार म्हणून बँकेला लगेच कळवा. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, अशा वेळी ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे.

उत्तर आलं नाही तर

कंपनीने तक्रार दोन आठवड्यांत निकाली काढायची असते. नाही काढली, तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवा. फोनवर हिंदीत बोलता येतं. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. नियामक स्वतः निवाडा देत नाही, तक्रार कंपनीकडेच पाठवून पाठपुरावा करतो. तरीही टोकन क्रमांक पडला की कंपनीत ती फाइल हलते.

निवाडा हवा असेल तर विमा लोकपाल. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचं कार्यालय भोपाळला आहे. अर्ज विमा लोकपाल परिषदेच्या साइटवर ऑनलाइनही करता येतो, त्यामुळे कागद द्यायला बसने भोपाळ गाठण्याचं कारण नाही. पात्रतेच्या अटी मोजक्या : आधी कंपनीला लेखी तक्रार केलेली असावी, तिला महिना उलटला असावा किंवा उत्तर नकाराचं असावं, नकारापासून एक वर्षाच्या आत यावं, मागणी ५० लाखांपर्यंतची असावी, आणि हाच वाद न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू नसावा. शुल्क नाही, वकील चालत नाही. शिक्क्याची ती प्रत इथे कामाला येते, कारण महिना तिच्यावरच्या तारखेपासून मोजतात.

बँकेविरुद्धची तक्रार विमा लोकपालाकडे नेऊ नका. संमतीशिवाय बँकेने पैसे कापले किंवा मँडेट रद्द करायला टाळाटाळ केली, तर आधी बँकेत लेखी, ३० दिवस वाट, आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर. चौकशीसाठी क्रमांक १४४४८.

शेवटचा पर्याय जिल्हा ग्राहक आयोग, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून. भरलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मनस्तापाची भरपाईही तिथे मागता येते. पण तारखा लांबतात, आणि एकदा तिथे गेलात की त्याच वादासाठी लोकपालाचं दार बंद होतं. दहा-पंधरा हजारांच्या हप्त्यासाठी मी तरी आधी भोपाळचाच अर्ज करीन.