हिंगाच्या खड्यातलं आम्ल

फोडणीत हिंग पडला की घरभर सुटणारा वास गंधकाच्या संयुगांचा. पण त्याच खड्यात वास-बिस न मारणारं एक आम्लही गपचूप बसलेलं असतं. हिंगाच्या झाडाची प्रजाती ‘फेरुला’, म्हणून त्याचं नाव फेरुलिक ॲसिड. ह्लासिवेत्झ आणि बार्थ या रसायनशास्त्रज्ञांनी ते १८६६ मध्ये हिंगाच्या राळेतून वेगळं काढलं. आज चेहऱ्याला लावायच्या महागड्या सीरमच्या बोटभर बाटलीवर तेच नाव झळकतं.

खरं तर त्यासाठी हिंगापर्यंत जायचीही गरज नाही. गहू, तांदूळ, मका यांच्या कोंड्यात ते भरपूर असतं. तिथे ते पेशीभित्तिकेतल्या शर्करेच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी टाके घालून बांधतं. कोंडा इतका चिवट असतो, त्यात या टाक्यांचाही वाटा आहे. म्हणजे आपण चाळून गुरांपुढे टाकतो, त्यातच ही चीज!

त्वचेवर त्याचं काय काम? उन्हातले अतिनील किरण त्वचेत ‘मुक्त मूलकं’ तयार करतात. त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो, आणि जोडी जमवण्यासाठी ही मूलकं शेजारच्या रेणूंवर झडप घालतात. फेरुलिक ॲसिड आपला एक हायड्रोजन देऊन त्यांना शांत करतं. मग ते स्वतःच मूलक होतं की! होतं, पण उरलेला एकटा इलेक्ट्रॉन त्याच्या साऱ्या सांगाड्यावर पसरतो, त्यामुळे ते फारसं कुणाच्या वाटेला जात नाही.

पण त्याचा खरा पराक्रम जोडीदार म्हणून. क जीवनसत्त्व त्वचेला उपयोगी, पण भलतंच नाजूक. पाण्यात विरघळवलं की हवेने आणि उजेडाने बिघडतं, द्रावण पिवळं आणि मग तपकिरी पडतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल यांच्या गटाने १५ टक्के क आणि १ टक्का ई जीवनसत्त्वाच्या द्रावणात फक्त अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड घातलं. द्रावण टिकाऊ झालंच, शिवाय उन्हापासूनचं संरक्षण सुमारे चौपटीवरून आठपटीवर गेलं. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग मात्र डुकराच्या त्वचेवर होता, हे जाहिरातींत सहसा सापडत नाही. शिवाय असं सीरम सनस्क्रीनच्या जोडीला लावायचं, तिच्याऐवजी नव्हे.

आता कुणी हिंग उगाळून तोंडाला फासू नका. बाजारातल्या बांधानी हिंगात बराचसा मैदा आणि डिंकच असतो, आणि शुद्ध खड्याने त्वचा चुरचुरेल ती वेगळीच. बाटली घेतलीच असेल, तर ती उजेडापासून दूर ठेवा आणि रंगावर नजर असू द्या. तपकिरी झाली, तर क जीवनसत्त्व बहुतेक संपलं.