प्रॅक्टिस न सोडता ऑक्सफर्डचं ह्युमन राइट्स लॉचं मास्टर्स: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

वकिली चालू ठेवून मास्टर्स होतं का असं ज्युनिअर मंडळी नेहमी विचारतात. ह्युमन राइट्समधे तरी होतं. ऑक्सफर्डचा इंटरनॅशनल ह्युमन राइट्स लॉचा एमएसटी (मास्टर ऑफ स्टडीज) हा पार्ट टाइम कोर्स आहे, साधारण २२ महिन्यांचा, बराचसा अभ्यास घरून ऑनलाइन, दोन उन्हाळ्यांत काही आठवडे प्रत्यक्ष तिकडे जायचं आणि एक डिझर्टेशन (मोठा संशोधन प्रबंध) लिहायचं. तारखा सांभाळून जमतं, पण वाचन भरपूर असतं, ते धरूनच उतरा.

पात्रता म्हणजे लॉची डिग्री, तीही तिकडच्या फर्स्ट क्लास किंवा चांगल्या अप्पर सेकंडच्या (ब्रिटिश पदवीच्या वरच्या दोन श्रेणी) तोडीची. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७ लागतात, स्कोअर कोर्स सुरू होताना दोन वर्षांपेक्षा जुना नको. आपलं लॉ इंग्लिश मीडियममधे झालं म्हणून सूट मिळेल असं धरून बसू नका.

अर्ज ऑनलाइनच. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट स्कॅन करून लावा, एटीकेटीच्या पण, मधली एखादी गाळली की शंका येते. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि मार्कशीटवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं असेल तर राजपत्राची प्रत किंवा मॅरेज सर्टिफिकेट हाताशी ठेवा. सोबत सीव्ही, स्टेटमेंट (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं) आणि तीन रेफरन्स, म्हणजे शिफारसपत्रं.

रेफरन्सलाच लोक अडकतात. आपल्याकडे सर लेटरहेडवर लिहून सही-शिक्का मारून आपल्या हातात देतात, ऑक्सफर्डला ते चालत नाही. तुम्ही नाव आणि ईमेल भरलं की युनिव्हर्सिटीकडून सरांना लिंक जाते, पत्र त्यांनी स्वतः अपलोड करायचं, तेही डेडलाइनच्या आत. कोर्टात दिवसभर असणारे सिनियर मेल बघतातच असं नाही, स्पॅममधेही जातं, म्हणून दिवाळीच्या आधीच विचारून ठेवा, लिंक गेली की फोन करा. डेडलाइन जानेवारीच्या आसपास असते, नेमकी तारीख त्या वर्षीच्या कोर्स पेजवरच बघा.

स्टेटमेंटमधे "मला लहानपणापासून न्यायाची ओढ" वगैरे नको प्लीज. तुम्ही काय केलंय ते लिहा. समजा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर आहात, जेलमधल्या कच्च्या कैद्यांसाठी बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ खाली जामिनाचे अर्ज करता, तर पहिल्यांदाच आरोपी झालेल्याला त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटायचा हक्क असूनही तो का अडकून राहतो, आणि भारताने १९७९ साली स्वीकारलेल्या आयसीसीपीआर या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ९ शी (मनमानी अटकेपासून संरक्षण) हे कसं जोडलंय, हे दोन परिच्छेदात मांडा. गडचिरोलीत वनहक्क दाव्यांवर काम केलं असेल तर ते लिहा. तालुका कोर्टातलं हे काम मोठ्या फर्मच्या इंटर्नशिपपेक्षा जास्त बोलतं असं माझं ठाम मत आहे.

व्हिसाचं नीट समजून घ्या. थोड्या आठवड्यांच्या मुक्कामाला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा असतो, त्यावर सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं, पण नोकरी करता येत नाही. कोर्सनंतर ग्रॅज्युएट रूटही (शिकून झाल्यावर तिकडे काही काळ काम करायचा व्हिसा) मिळत नाही, कारण त्याला स्टुडंट व्हिसा असावा लागतो. एजंट काहीही सांगो. चिव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप पण पार्ट टाइमला देत नाहीत, तेव्हा फी, दोन वेळचं विमान आणि राहण्याचा खर्च आधी मांडून बघा.

आणि हो, या डिग्रीचं नाव एलएलएम नाही. पुढे इथल्या लॉ कॉलेजात शिकवायचा विचार असेल तर पैसे भरायच्या आधी बार कौन्सिलकडे समकक्षतेचं लेखी विचारून घ्या.