नौदलाच्या नौकेची प्रतिकृती : आराखडे आणि संदर्भ

नौदलातील एखाद्या प्रत्यक्ष नौकेची लहान प्रमाणातील प्रतिकृती बांधण्यासाठी तिची रेखाटने, मोजमापे, छायाचित्रे आणि लेखी नोंदी जमवण्याचे काम. लाकूड, प्लॅस्टिक किंवा पुठ्ठा कापायला घेण्याच्या बऱ्याच आधी ते सुरू होते आणि पुष्कळदा बांधणीपेक्षा जास्त वेळ खाते. यात आधी तारीख ठरवावी लागते, आराखडा मग. लढाऊ नौका वर्षभरसुद्धा एका रूपात टिकत नाही. तोफा बदलतात, रडार चढते, रंग नवा लागतो. तारीख न ठरवता ‘अमुक वर्गाची नौका’ एवढ्यावर शोध घेणाऱ्याच्या पदरी तीन-चार काळांची खिचडी पडते.

नौकेच्या बुडाचा आकार सांगणाऱ्या आराखड्यात तीन दृश्ये असतात : बाजूने दिसणारे, वरून दिसणारे (नौका दोन्ही बाजूंना सारखी असल्याने ते अर्धेच काढतात) आणि लांबीवर ठरावीक अंतरांवर रुंदीच्या दिशेने घेतलेले आडवे छेद. प्रतिकृतीच्या फासळ्या या छेदांवरूनच कापतात. यासोबत मोजमापांचा तक्ता मिळाला तर उत्तम. इंग्रजी-अमेरिकी तक्त्यांत ५-३-२ असा आकडा दिसला, तर तो ५ फूट, ३ इंच आणि इंचाचे दोन अष्टमांश असा वाचायचा. लाकडी नौकांच्या तक्त्यातील मापे बहुधा फासळ्यांच्या बाहेरच्या कडेपर्यंत, म्हणजे फळ्यांच्या आतल्या बाजूपर्यंतची असतात. मोठ्या प्रतिकृतीत हे विसरले तर फळ्या बसवल्यावर नौका फुगते. दुकानात मिळणाऱ्या ‘आराखड्यां’त कित्येकदा फक्त बाजूचे आणि वरचे चित्र असते. भिंतीवर लावायला ते छान, पण त्यावरून बूड बांधता येत नाही.

ब्रिटिश नौकांसाठी ग्रिनिचचे राष्ट्रीय सागरी संग्रहालय हे मोठे भांडार आहे. तिथे दहा लाखांहून अधिक आराखडे आहेत. त्यांपैकी ‘जसे बांधले तसे’ दाखवणारे आराखडे सर्वांत मोलाचे, कारण मूळ संकल्पना आणि गोदीतून प्रत्यक्ष बाहेर पडलेली नौका यांत फरक असतोच. अमेरिकी नौदलाचे आराखडे मेरीलँडमधील कॉलेज पार्क येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मुंबईत बांधलेल्या युद्धनौकांचे आराखडेही इंग्लंडहूनच येत. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी सागवानात बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट जातीची युद्धनौका आज इंग्लंडमधील हार्टलपूलला जतन केलेली आहे. तिचे मूळ आराखडे मुंबईकडे निघालेल्या ‘जावा’ या जहाजावर होते. डिसेंबर १८१२ मध्ये ते जहाज अमेरिकनांनी काबीज केले आणि आराखडे गेले. मग नव्या प्रती पाठवाव्या लागल्या. आराखडा मिळेना म्हणून कुरकुरणाऱ्या हौशी माणसाने एवढे ध्यानात ठेवावे, की हे दुखणे खुद्द गोदीलाही चुकलेले नाही.

तारखेचे महत्त्व ‘पीटी-१०९’ या अमेरिकी टॉर्पेडो नौकेवरून चांगले कळते. जॉन एफ. केनेडी हे तिचे कप्तान असल्यामुळे तिच्या प्रतिकृती जगभर बांधल्या जातात. न्यू जर्सीतील बेयॉन येथे एल्को कंपनीने १९४२ मध्ये बांधलेली ही ८० फुटी नौका २ ऑगस्ट १९४३ रोजी सॉलोमन बेटांजवळ ‘अमागिरी’ या जपानी विनाशिकेच्या धडकेने दुभंगली. तिच्यावर चार टॉर्पेडो नळ्या होत्या, रडार नव्हते. अखेरच्या फेरीच्या अगदी आधी पुढच्या डेकवर ३७ मिमीची रणगाडाविरोधी तोफ लाकडी ओंडक्यांच्या आधाराने बांधण्यात आली आणि त्यासाठी तिथला जीवरक्षक तराफा काढला गेला. असा ऐनवेळचा बदल कारखान्याच्या कोणत्याही आराखड्यात सापडणार नाही. तो खलाशांच्या आठवणी आणि चौकशीचे कागद यांतूनच कळतो. त्याच ८० फुटी वर्गातील ‘पीटी-६१७’ मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हरच्या बॅटलशिप कोव्ह येथे जपलेली आहे. पण ती १९४५ ची. तिच्यासारख्या उत्तरकाळच्या नौकांवर जड नळ्यांऐवजी टॉर्पेडो सोडण्याच्या हलक्या घोड्या, मागे ४० मिमीची तोफ आणि रडार असा सरंजाम आला होता. तिच्यावर जाऊन बुडाचा आकार, डेकवरच्या खिडक्या, कड्या, खुंट यांची मापे खुशाल घ्यावीत. तिच्यावरची शस्त्रेही नमुना म्हणून घेतली, की १९४३ ची नौका बिघडलीच.

हाच घोळ भारतीय नौकांच्या बाबतीतही होतो. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत ‘ओसा-१’ प्रकारच्या होत्या. त्यांची क्षेपणास्त्रे मोठ्या पेटाऱ्यांसारख्या आवरणांत असत. कारवारच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली ‘चपळ’ १९७६ मध्ये दाखल झालेली, ‘ओसा-२’ प्रकारची. तिच्यावर गोल नळकांडी आहेत. गोव्याहून सहज जाऊन पाहता येते म्हणून अनेक जण तिलाच नमुना धरतात आणि १९७१ ची नौका चुकवतात. ‘ओसा’चे आराखडे सोव्हिएत आणि पूर्व युरोपीय छंद-मासिकांत आले होते आणि त्यांच्या प्रतींच्या प्रती आजही फिरतात. मुंबईत नौदल सप्ताहात जहाजे लोकांसाठी खुली होतात, तेव्हा आत काय टिपता येईल ते आधी विचारावे. एरवी गोदीच्या परिसरात कॅमेरा काढणे म्हणजे संकट ओढवून घेणे.

हाती आलेल्या कोणत्याही प्रतीची आधी परीक्षा घ्यावी. जुना कागद आडवा आणि उभा सारखा आकसत नाही. छपाईच्या वेळी चित्र पानात बसवण्याचा पर्याय चुकून निवडला तर प्रमाण कोलमडते. लांबी आणि रुंदी ही दोन्ही मापे ज्ञात आकड्यांशी ताडली की लबाडी उघडी पडते. ‘पीटी-१०९’ची लांबी २४.३८ मीटर, म्हणजे १:३५ ला (मूळच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या प्रमाणात) सुमारे ७० सेंमी, १:७२ ला ३४ सेंमी. पाण्यात चालवायची प्रतिकृती असेल तर वजनही तपासावे. ते प्रमाणाच्या घनाने घटते, म्हणून ५६ टनांची ही नौका १:२० ला जेमतेम ७ किलो भरते. यंत्र आणि बॅटरी त्यातच बसवायची. आराखड्यात नसलेल्या वस्तूंची मापे छायाचित्रावरून काढताना शेजारी माहीत असलेले माप शोधतात. टॉर्पेडोचा २१ इंच व्यास त्यासाठी हुकमी, मात्र दोन्ही वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हव्यात.

रंगावरून तज्ज्ञांतही भांडणे होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत आणि त्यांतील करडेपणावरून रंग ओळखता येत नाही. ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे तांबडा प्रकाश न टिपणाऱ्या फिल्मवर तांबडा जवळजवळ काळा उतरतो आणि निळा फिका. त्यापेक्षा नौदलाने त्या वर्षी काढलेला रंगकामाचा आदेश मिळवावा, आणि नौका तेव्हा आदेश पोचण्याइतकी गोदीजवळ होती का, तेही पाहावे.