मैत्रिणीची चूक सांगणं म्हणजे चुगली? खुलासा

लातूर-नांदेड असो की बीड, नवीन सिस्टरला नाइट ड्युटीत हमखास ऐकायला मिळतं: "सोबतिणीची चूक वर नेऊ नको गं, पोलीस केस होईल, नोकरी जाईल." यातली पोलीस केसची भीती फुगवलेली आहे. फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये डॉ. जेकब मॅथ्यू यांच्यावरच्या खटल्यात सांगितलंय. नोकरीची हमी कुणीच देणार नाही. पण लपवलेलं उघडं पडलं तर दोघीही अडकतात.

इन्सुलिनचंच घ्या. बाटली 100 ची, म्हणजे एका मिलिलिटरला 100 युनिट, आणि हातात 40 ची लाल टोपणाची सिरिंज. खुणेप्रमाणे 10 युनिट भरले की पेशंटला जातात 25. साखर लगेच नाही, थोड्या वेळानं उतरते. तेवढ्यात डॉक्टरांना कळलं तर ग्लुकोज देऊन निभावतं. सकाळी ड्युटी बदलताना होणाऱ्या हँडओव्हरपर्यंत गप्प बसलं तर पेशंट बेशुद्ध सापडू शकतो, आणि नातेवाईक म्हणणार, झोपलाय.

"तूच सांग, मी सोबत येते," एवढी मैत्री जरूर करावी. पण लगेच, चहा मागाहून. केसपेपरवर खाडाखोड मात्र कुणासाठीच नाही.